सखल भागातलं तळं

कोन, पनवेल
२० जानेवारी २०२५

प्रिय मैना,

निवृत्त झालो त्या दिवशी आपलं ठरलं होतं की फोन फक्त आजारपणाला, बाकी सगळं पत्राने. बावीस वर्षं पनवेलच्या पोस्टात एका टेबलावर बसून आपण दुसऱ्यांची पत्रं लावली, आता आपलीही कोणीतरी लावू देत. तेव्हा घाबरू नकोस, इथे आजारी कोणी नाही. आमच्या गुरुदत्तांचं पोट बिघडलं होतं, पण ते तिळाच्या वड्यांमुळे. ते आजारपणात धरत नाहीत.

नव्या घराचं तुला सांगायचं राहिलं. इमारतीचं नाव ‘लेक व्ह्यू’. अशा नावांच्या इमारतीतून सहसा समोरच्या इमारतीची मोरी दिसते, पण आमच्या बाल्कनीसमोर खरोखर तळं आहे. काठावर गंजलेली पाटी होती, ‘पक्ष्यांसाठी राखीव. शिकार करू नये.’ गावातले लोक म्हणतात, चाळीस वर्षांपासून आहे. मी रोज सकाळी दुर्बीण घेऊन बसते. पाणकावळे येतात, शेकाटे येतात, कमळाच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी तर जावयासारखा ऐटीत फिरतो. आणि हळदीकुंकू बदकं. चोचीच्या टोकाला पिवळं आणि कपाळाशी दोन लाल ठिपके, म्हणून ते नाव.

महिन्यापासून रोज पहाटे एक डंपर येतो आणि पाडलेल्या घरांच्या विटा, फरशा, सिमेंट या तळ्यात ओततो. मी ऑनलाइन तक्रार केली. लिहिलं, ‘येथे हळदीकुंकू बदकांची वीण होते. भराव तातडीने थांबवावा.’ आठ दिवसांनी उत्तर आलं, महिला व बालकल्याण विभागाकडून. ‘आपल्या परिसरातील हळदीकुंकू समारंभासाठी मोकळ्या जागेची आवश्यकता असल्यास विहित नमुन्यात अर्ज करावा.’ खाली हिरव्या अक्षरांत, ‘तक्रारीचे निराकरण झाले.’

मग स्वतःच तहसील कार्यालयात गेले. साहेब सभ्य आहेत. खुर्ची दिली, नकाशा उघडला आणि म्हणाले, “मॅडम, इथे तळं नाहीये. हा सखल भाग आहे. पावसाचं पाणी साचतं.”

“जानेवारीत?”

“हळूहळू मुरतं ना.”

“आणि तिथली पाटी?”

“कोणती पाटी?” ते म्हणाले. घरी येऊन बघते तर पाटी खरंच नव्हती. त्या जागी दोन खड्डे.

डंपरचा नंबर मी टिपून ठेवलाय, शेवटचे आकडे ४४१७. निळा आहे, काचेवर ‘आई एकवीरा’ लिहिलंय. चालवणारा तरणाबांड. मी बाल्कनीतून ओरडले तर त्याने हात हलवला, जणू मी त्याला टाटा करत होते. पाटी वाचता येत नसेल असं नाही. आईने कधी दोन गोष्टी सांगितल्याच नसणार. असल्या पोरांच्या आयांना एकदा समोर उभं करून विचारायला हवं.

तू कशी आहेस? दयारामभाऊंची होडी दुरुस्त झाली का? आणि तुझ्या परेशचं कसं चाललंय?

तुझी,
रमा


करंजा, उरण
२५ जानेवारी

रमे,

पत्र पोचलं. होडी दुरुस्त झाली, आमचे हे अजून नाय झाले. पाय दुखतो पण दर्यावर गेल्याशिवाय चैन पडत नाय. परेश बरा हाय.

तुझा तो साहेब हुशार हाय, पण तो पोस्टात नव्हता. आपण होतो. पत्ता चुकीचा असला तर पत्र परत जातं, बरोबर ना? मंग आमी आजपासून तुला पत्र पाठवताना पत्ता काय लिहू? ‘राखीव तळ्यासमोर, कोन.’ तळं नसंल तर पत्र परत येईल. पोचलं तर सरकारचाच शिक्का बोलेल की तळं हाय. मी मच्छी मार्केटातल्या सगळ्या बायांना बसवते लिहायला. जिला येत नाय तिचं मी लिहीन. पाहिजे तर पक्ष्यांच्या नावानंच पाठवतो. पक्ष्याला पत्र पाठवू नये असा काय नियम नाय, मला सगळे नियम पाठ हायत.

त्या डंपरवाल्याचं मात्र नीट लिही. दिसतो कसा? वय काय असंल? वरच्या दातात फट हाय का?

मैना


कोन
८ फेब्रुवारी

प्रिय मैना,

एक्केचाळीस पत्रं आली. एकही परत गेलं नाही.

आमचा पोस्टमन भावेश पहिल्या दिवशी दारात उभा राहून वाचून दाखवत होता. “श्रीमती हळदीकुंकू बदक, राखीव तळे, कोन. काकू, हे तुमच्याकडे देऊ की पाण्यात टाकू?” मी म्हटलं, पत्ता सापडला ना? म्हणाला, “सापडला की. वास पण त्यांच्याच आवडीचा आहे.” तुमच्या मार्केटातून आलेल्या लिफाफ्यांना बोंबलाचा वास होता, त्यामुळे गुरुदत्तांनी ते सगळे बाल्कनीत वाळत घातले. खाली सोसायटीत बातमी पसरली की आम्ही मासे सुकवायला लागलो. सेक्रेटरीची नोटीस आली आहे. तीही फाईलला लावली.

तुमच्या मार्केटातल्या गंगाबाईंनी चित्रबलाक करकोच्याला लिहिलेलं पत्र मी दोनदा वाचलं. ‘तिकडे मच्छी मिळत नसंल तर आमच्या जेट्टीवर ये, पण दुपारच्याला ये, सकाळी मला वेळ नाय.’ काय बाई आहे.

साहेबांनी सुनावणी ठेवली आहे, १८ तारखेला. सगळे लिफाफे घेऊन जाणार आहे.

तू त्या पोराबद्दल का विचारतेस ते कळलं नाही. दातांशी तुला काय करायचंय? पण दुर्बिणीतून बघितलं. हो, फट आहे. सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. गॉगल कपाळावर. तू त्याला ओळखून मार्केटातल्या बाया त्याच्यावर सोडणार असशील तर मला आधी कळव, मी खुर्ची टाकून बसेन.

तुझी,
रमा


कोन
१९ फेब्रुवारी

प्रिय मैना,

हरलो.

साहेबांनी लिफाफे एकेक करून बघितले. त्यांना हसू येत होतं, पण त्यांनी ते आवरलं. त्यांच्याकडे टायपिंग करणारी कीर्ती म्हणून मुलगी आहे, ती मात्र तोंडाला रुमाल लावून बाहेर गेली. शेवटी साहेब म्हणाले, “मॅडम, पोस्टाने पत्र पोचवलं म्हणून तळं आहे असं होत नाही. चर्चगेटला पत्र जातं. तिथे गेट कुठंय?”

घरी आल्यावर मला चार उत्तरं सुचली.

पुढची तारीख २५ मार्च आहे. तोपर्यंत निम्मं तळं बुजलेलं असेल. आता माझा धीर सुटला. सोमवारी त्या डंपरचे फोटो घेऊन पोलिसांत जाणार आहे. वरचे कोण आहेत ते मला दिसत नाहीत, नकाशावाले माझं ऐकत नाहीत. निदान जो रोज माझ्या डोळ्यांसमोर ओततो त्याचा तरी परवाना जाऊ दे. पुन्हा त्याने गाडीला हात लावता कामा नये.

तुझं काहीच पत्र नाही. एक्केचाळीस पत्रांमध्ये तुझं एकच होतं, तेही कमळपक्ष्याला.

रमा


पोस्टकार्ड
२२ फेब्रुवारी

रमे, पोलिसात इतक्यात जाऊ नको. थोडे दिवस थांब. का ते विचारू नको. मैना


कोन
८ मार्च

प्रिय मैना,

तुझं कार्ड सोमवार उलटल्यावर मिळालं, पण गुडघा दुखत असल्यामुळे मी सोमवारी गेले नव्हतेच. अजूनही गेलेली नाही. गुडघा बरा आहे, पण जिना उतरायचा कंटाळा येतो.

इमारतीला लिफ्ट आहे, हे खरं. तरी तू काही बोलू नकोस.

इकडे विशेष काही नाही. परवा सकाळी दुर्बिणीतून एक पक्षी दिसला. हिरवा, बऱ्यापैकी मोठा, डोक्यावर पिवळा तुरा. दोन क्षण दिसला आणि खाली दडला. माझ्याकडच्या पुस्तकात सापडला नाही. पुढे कधीतरी सविस्तर लिहीन.

तुला जमेल तेव्हा लिही. मला घाई नाही.

रमा


करंजा
१५ मार्च

रमे,

शिमगा झाला. सगळे नाचून दमून झोपलेत, घरात मी एकटी जागी हाय, म्हणून लिहायला बसले. हे पत्र मी चार वेळा फाडलं.

४४१७ माझ्या परेशचा हाय.

तुझं पहिलंच पत्र वाचलं तवा मला कळलं. आई एकवीरा त्या काचेवर मीच लिहून घेतलंय. दाताचं मी उगाच विचारलं. वाटलं, तू लिहिशील की नाय, फट नाय, दुसराच कोणतरी हाय. तुला मी सांगितलं होतं की तो द्रोणागिरीला गोदामात सुपरवायझर हाय. तिथं होता तो चार महिने, मंग त्यांनी माणसं कमी केली. तुझी सून बँकेत, तुझा जावई कंपनीत, मला डंपर बोलायला जीभ वळली नाय. तू लिहिलंस की आईला उभं करून विचारायला पाहिजे. मी उभीच होते तुझ्यासमोर, तुला दिसत नव्हते.

पत्त्याची युक्ती मी काढली ती तळ्यासाठीच काढली, खोटं नाय सांगत. पण मनात असं पण होतं की तळं वाचावं आणि माझ्या पोऱ्याचं नाव कुठं येऊ नये.

तुझं पोलिसाचं पत्र आलं तशी मी परेशला विचारलं. तो बोलला, “आई, मी नाय टाकलं तर दुसरा टाकेल.” ६ तारखेला पहाटे तो निघाला तशी मी जाऊन त्याच्या गाडीत बसले, डबा घेऊन.

“उतर आई, मला उशीर होतोय.”

“मी कुठं थांबवलंय. चालव.”

“आई, कामाची गाडी हाय ही.”

“मंग काम कर. तू नाय टाकलंस तर दुसरा टाकेल ना? मंग दुसऱ्याच्या आईनं दुसऱ्याच्या गाडीत बसावं. मी तुझ्या गाडीत बसलेय.”

पहिल्या दोन फेऱ्या अंधारात झाल्या. तिसऱ्या फेरीला उजाडलं होतं. तुझी इमारत मी ओळखली, कारण बाल्कनीत शाल पांघरून तू बसली होतीस, डोळ्याला दुर्बीण लावून. मी पटकन सीटखाली बसले. या वयात सीटखाली बसले रमे, आणि परत वर येताना पोऱ्याला हात धरून ओढायला लागलं. तो हसायला लागला. मंग मी पण हसले. मागं फाळका उघडला आणि सगळं पाण्यात गेलं. तो आवाज तू रोज ऐकतेस. मी पहिल्यांदा ऐकला.

परत जाताना मी त्याच्या गाडीतल्या पावत्या वाचल्या. ठेकेदार प्रत्येक फेरीला ड्रायव्हरला पावती देतो. त्यावर छापलेलं हाय, ‘माल उतरवण्याचे ठिकाण’, आणि पुढं त्यांच्याच माणसानं हातानं लिहिलंय, ‘कोन राखीव तळे’. सखल भाग नाय लिहिलं, रमे. खाली शिक्का हाय, तारीख हाय. आपण लाख पत्रं पाठवली, त्यांनी तर स्वतःच पत्ता लिहून ठेवलाय.

मी सोळा पावत्या काढून पदरात बांधल्या. परेशनं बघितलं. बोलला, “त्यावर गाडीचा नंबर हाय.” मी बोलले, हाय. “माझी सही हाय.” ती पण हाय.

सोबत पाठवतेय, म्हणून हे पत्र रजिस्टर करतेय. नंबर खोडू नको. खोडलास तर कागद खोटा पडेल, हे तुला मी सांगायला नको. तू त्याला जे बोललीस ते मी मनात धरलेलं नाय. थोडं धरलं होतं, शिमग्याला जाळलं.

मैना


कोन
२७ मार्च

प्रिय मैना,

आधी मला माफ कर, मग पुढे वाच.

तो हिरवा पक्षी तूच होतीस. हिरवं लुगडं आणि अंबाड्यात पिवळी शेवंती. दुर्बीण चांगली आहे, मुलाने जपानहून आणली आहे. दोन क्षणांत मी तुला ओळखलं आणि मग गाडी चालवणारा कोण ते कळायला काय लागतं. फट असलेले दात मी त्याच्या लहानपणापासून बघतेय, पण दुरून, गॉगलखाली, डोक्यात राग घेऊन बघितलं की माणूस दिसत नाही, नंबर तेवढा दिसतो. त्यानंतर मी पोलिसांत जायचा विचारच सोडून दिला. तुला हे लगेच लिहिणार होते, पण वाटलं, तू सांगायच्या आधी मी बोलले तर तुझं सांगणं राहून जाईल.

आता परवाच्या सुनावणीचं.

तुझ्या पावत्या मी कपाटात, साड्यांच्या घडीखाली ठेवल्या आणि तशीच गेले. तू त्या कितीही मोठ्या मनाने पाठवल्या असल्या तरी सही तुझी नाही, त्याची आहे. त्याला न विचारता मी त्या साहेबांच्या टेबलावर ठेवू शकले नाही. गुरुदत्त म्हणाले, मग जातेस कशाला? म्हटलं, तारीख दिली आहे, गैरहजर राहिले तर तेही निराकरणात जाईल.

साहेबांनी नकाशा उघडला. परत तेच, सखल भाग. कीर्ती सगळं टाइप करत होती. साहेब म्हणाले, “अर्जदारांना नवीन काही सांगायचं नाही असं लिहा.” तेवढ्यात दारातून आवाज आला, “मला सांगायचंय.”

परेश. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गॉगल खिशात. माझ्याकडे बघितलं नाही. सरळ टेबलापाशी गेला.

“तुम्ही कोण?” साहेबांनी विचारलं.

“मी डंपर चालवतो साहेब. ४४१७. कोनला भराव मीच टाकलाय.”

साहेब खुर्चीत नीट बसले. परेशने पाठीमागच्या खिशातून पावतीपुस्तक काढलं, ड्रायव्हरकडे राहतो तो कार्बनचा भाग, आणि त्यांच्यासमोर उघडून ठेवलं. “नकाशात तळं नाय बोलता तुमी. मंग मी तीन महिने कशात टाकलं? ठिकाण वाचा साहेब. माझं अक्षर नाय ते, ठेकेदाराच्या माणसाचं हाय.”

साहेबांनी पान उलटलं, पुढचं उलटलं, अजून एक उलटलं. प्रत्येक पानावर तेच. खोलीत कीर्तीच्या टायपिंगचा आवाज चालू होता. साहेब तिला म्हणाले, “हे सगळं घ्यायची गरज नाही.” ती म्हणाली, “सर, झालं टाइप करून.”

मैना, त्या माणसाला मी दोन महिने शिव्या दिल्या आहेत, पण तेव्हा त्यांचीही कीव आली. त्यांनाही वरून कोणीतरी सांगितलेलं असणार. त्यांनी नकाशाची घडी घातली. मग म्हणाले, “तुम्हाला माहीत आहे ना, याने तुमचंही नाव येईल?” परेश म्हणाला, “म्हणून तर आलो. नाव आईनं पाठवलेल्या पावत्यांतून यायच्या आधी मीच आणलं.”

भराव थांबवायचा लेखी आदेश त्याच संध्याकाळी निघाला. टाकलेला राडारोडा काढायचा, जागेची मोजणी करायची आणि पाटी परत लावायची, असं त्यात आहे. परेशला समज दिली, परवाना ठेवला. बाहेर आल्यावर मी त्याला चहाला नेलं. चहा संपत आला तेव्हा तो म्हणाला, “मावशी, त्या दिवशी हात हलवला ना, तुमी टाटाच करत होता असं वाटलं मला. ओळखलंत म्हणून.”

त्याने मला ओळखलं होतं, मैना. मी नाही ओळखलं.

तुझी,
रमा


करंजा
१२ एप्रिल

रमे,

पत्र मी आमच्या ह्यांना वाचून दाखवलं. ते बोलले, रमाबाई मोठी खोडकर हाय, बायको सीटखाली बसलेली बघून नऊ दिवस पोटात ठेवलं. मी बोलले, नऊ काय, एकवीस. बावीस वर्षं एका टेबलावर बसले तुझ्याशेजारी, तुला गप बसता येतं हे मला माहीत नव्हतं.

ठेकेदारानं परेशला दुसऱ्याच दिवशी काढला. मंग तो बापाबरोबर होडीवर गेला. दहा दिवस गेला आणि दहाही दिवस ओकला. कोळ्याचं पोर, पण दर्या काय त्याला मानवत नाय. हे बोलले, याला जमिनीवरच काय ते करू दे, मासे घाबरतात.

आणि मागच्या आठवड्यात तुझ्या साहेबाचा फोन आला. राडारोडा काढायला त्यांनी नवीन माणूस नेमलाय, पण कुठं किती टाकलंय ते कोणालाच सांगता येईना. नकाशात तळंच नाय तर भराव कुठून असंल. मंग त्यांना आठवण झाली की एका माणसाला सगळं ठाऊक हाय. परेश सोमवारपासून तिथंच हाय, तू बघत असशील. टाकला त्यानं, काढतो पण त्योच.

पहिल्या दिवशी साहेब स्वतः बघायला आले होते म्हणे, चांगले बूट घालून. काठावरून नीट दिसंना म्हणून एक पाऊल पुढं टाकलं आणि घोट्यापर्यंत आत गेले. परेश बोलला, “जपून साहेब, सखल भाग हाय.” साहेबांना पण हसू आलं, असं तो सांगतो. मला खरं वाटत नाय, पण तो शपथ घेतो.

मंग त्यांनी मशीननं पहिला थर उचलला. विटा, फरशा, कोणाच्या तरी मोरीचा तुकडा. उचलला तसं खालून पाणी आलं, आपोआप, कोणी सोडलं नाय. खड्डा भरला. परेशनं इंजिन बंद केलं. साहेबानं विचारलं, काय झालं? तो बोलला, काय नाय, दोन मिनिटं.

संध्याकाळी घरी आला, ताटावर बसला, भात कालवला आणि तसाच बसून राहिला. मी बोलले, जेव ना.

बोलला, “आई, एवढे दिवस टाकलं, पण मी एकदा पण खाली बघितलं नव्हतं.”

मी त्याला अजून थोडं कालवण वाढलं.

तुझी,
मैना